पिशवी बाहेर ठेवा

६ मार्च, बुधवार

रातभर डोळा लागला न्हाई. कावून ते कुनाला सांगायची लाज वाटती म्हनून हितं लिहायले. मला पुन्ना रगत जायलंय.

पिशवी काढून सहा महिने झाले. भादव्यात काढली. तवा डॉक्टर म्हनलता, आता पाळीची कटकट कायमची गेली, मोकळी झालीस. आन काल वैरनीचा भारा उचलला तर पातळाला लागलं. आधी वाटलं कुठं खरचटलं. मंग कळलं. पिशवीच न्हाई तर रगत येतंय कुठून, रातभर ह्योच इचार. पाळी म्हनावी तर ती आता व्हनार न्हाई. दुसरं काय म्हनावं ते मला म्हाईत न्हाई. वास बी येतोय. छबीला कुशीत घेतलं तर तिनं नाक धरलं आन हसली. माजी लेक, तीन वर्साची हाय, तिला खेळ वाटला.

ही डायरी ज्ञानोबादादानं दिली. माजा थोरला भाऊ. मांजरसुंब्याला दूध संघाच्या शीतकेंद्रावर कामाला हाय. संघ दर साली डायऱ्या वाटतो. पयल्या पानावर चेअरमनचा फोटो हाय, फेटा बांधलेला. असलं लिहिताना बाप्या मानसानं बगत बसू नये म्हनून पिठाची खळ करून ते पान म्होरल्या पानाला चिटकवून टाकलं. सातवी झालीय माजी. चुकलं तर चुकलं, कोन वाचतंय.

आमी सोसायटीच्या छावनीत हाव. गावात पानी न्हाई, कडबा न्हाई. हितं जनावराला ऊस आन पानी मिळतंय, म्हनून गाय मोरी, छबी आन मी पाचटाच्या खोपीत ऱ्हातो. मालक दिराला घेऊन सांगलीकडं ऊसतोडीला गेलेत. मालकाचं नाव बंकट. लिहिल्यानं काय व्हतंय. सासूबाई घर राखून गावात.

८ मार्च, शुक्रवार

शेजारच्या दावनीला भिवराबाई हाय. म्हातारी, येकटी, दोन म्हशी. तोंड लई फटकळ पन माया करती. तिला आडून इचारलं, "मावशी, पिशवी काढल्यावर बी कुनाला पाळी येती का?"

ती म्हनली, "माजी काढून वीस वर्सं झाली. पिशवी गेली, कंबर गेली, म्हातारा बी गेला. पाळी काय परत आली न्हाई बग. कावून इचारती?"

म्हनले, उगंच.

"उगंच कुनी पाळीचं इचारतं व्हय? आमच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या समद्या बायांच्या काढल्यात. मुकादमाची बायकूच घेऊन जायाची दवाखान्यात. म्हनायची, काढून टाका, खाडं पडत न्हाई."

मी बी तसंच केलं. अंगावर पांढरं जायाचं, मधीच रगत जायाचं. समद्या म्हनल्या काढ, काढली.

चिंध्या धुवायला लई लांब वढ्याकडं जावं लागतंय. वढ्यात पानी न्हाई. टँकरचं पानी बादलीत नेऊन धुते आन मातीत वतते. कुनी बगितलं तर म्हनल, हिला नवरा हितं न्हाई आन ही काय धुती लपूनछपून.

१० मार्च, रविवार

दादा आलता. छबीला खारी आनली. मोरी दोन-चार दिसात व्यायची हाय, तिच्या पाठीवर हात फिरवला. मंग मोरीच्या खुराकडं बगत म्हनला, "सिंधू, मी बीडला गेलतो. त्या तपासनीच्या दवाखान्यात. तुज्या रिपोर्टचा कागद घ्यावा म्हनलं, जवळ असलेला बरा. त्यानला तुजं नावच सापडंना."

मी छबीच्या अंगावरचा खारीचा चुरा झाडायला लागले.

म्हनला, "नावात चूक झाली आसल. व्हय ना?"

म्हनले, "व्हय, आसल. सिंधुबाई लिहिलं का सिंधू लिहिलं, काय म्हाईत."

"रिपोर्ट चांगला आलता म्हनलीस ना तू?"

"व्हय. चांगला आलता."

"हां," म्हनला. आन खुराकडंच बगत बसला. जाताना म्हनला, "कवाबी काय लागलं तर फोन कर. कवाबी. डुटीवर आसलो तरी उचलतो." लई चांगला हाय माजा भाऊ. त्याला वाटलं नावातच चूक झाली. सुटले मी.

११ मार्च, सोमवार

सुटले म्हनून लिहिलं काल, पन न्हाई सुटले. दादाशी खोटं बोलले ते लिहून टाकते.

आपरेशन झालं तवा मालक मुकादमाकडं गेलते, सासूबाईला गाडी लागती. म्हनून दादाच सोबत व्हता. पाचव्या दिशी सुट्टी देताना डॉक्टर म्हनला, रुंद तोंडाची बरनी आना. दादानं बाजारातून लोनच्याची बरनी आनली, लाल झाकनाची. त्यात औशदाच्या पान्यात पिशवी घालून दिली. आन चिठ्ठी दिली. म्हनला, ही बीडला तपासायला द्या, इसरू नका, काय वंगाळ आसल तर तिथं कळल.

दादानं ती बरनी कापडी पिशवीत ठिवली आन यष्टीत मांडीवर घेऊन बसला. मला मेल्यावानी झालं. माज्या आतलं, ज्यात माजी छबी वाढली, ते माजा भाऊ मांडीवर घेऊन बसलाय. त्याचं बी तोंड लाल झालतं. खिडकीच्या भाहेर बगत व्हता. नेकनूरला येक बाई चढली. तिला कापडातून लाल झाकन दिसलं. म्हनली, "कशाचं लोनचं हो दादा?"

मीच म्हनले, "लिंबाचं."

"घरचं का?"

म्हनले, "व्हय. घरचंच."

"रंग बगू द्या की," म्हनून तिनं हात लांब केला. दादानं पिशवी उचलून माज्या मांडीवर ठिवली. मांजरसुंबा आलं तर म्हनला, "मला डुटीचं बोलावनं हाय. तू देऊन यशील ना बीडला येकटी?" म्हनले, यीन. मला बरंच वाटलं. त्यानं उतरून येकदा बी माघारी बगितलं न्हाई.

तपासनीचा दवाखाना माडीवर हाय. खाली दारात वाचमन बसलेला, आन बाप्यांची ही गर्दी. मी छातीशी धरून जिन्याकडं गेले तर वाचमन समद्याच्या म्होरं वरडला, "ओ बाई, पिशवी कुठं घेऊन निघालात? पिशवी आत न्यायची न्हाई. पिशवी बाहेर ठेवा."

त्याला कसं कळलं? कापडात व्हती. दोन-तीन बाप्ये माज्याकडं बगायले. म्हनले, "तपासायची हाय." तर म्हनला, "तपासायचं आसल ते तपासा, पिशवी हितं ठेवा, त्या कोपऱ्यात." कोपऱ्यात भिंतीपशी! समद्याच्या पायात! मी माजी पिशवी तिथं ठिवू? मला वाटलं जमीन फाटावी. तशीच माघारी फिरले.

यष्टीच्या फाट्यावर लई येळ बसले. टाकून द्यावं तर मन व्हईना. घरी आनली. छबीची वार पुरली तिथं, न्हानीच्या मागं शेवग्याच्या बुडाला, खुरप्यानं उकरून पुरली, बरनीसकट. पाऊस नव्हता, भुई दगडावानी. टाके दुखत व्हते. हातभर पन उकरलं न्हाई. आपलं आपल्या घरी ऱ्हायलं म्हनलं. आन दादाला फोनवर सांगितलं, दिली. पंधरा दिसानं सांगितलं, रिपोर्ट चांगला आला.

१६ मार्च, शनवार

मोरी काल याली. कालवड झाली. जार पडला न्हाई अजून, वार आतच हाय.

मालकाचा फोन आलता. म्हनले, "कारखाना म्होरल्या महिन्यात बंद व्हतोय, येतो मंग. तब्येत कशी हाय?"

"बरी हाय."

"म्होरल्या साली यायलीस ना संगं? दिराला काय मोळ्या बांधता येत न्हाईत. नुसता खातोय."

पाठीमागून दीर वरडला, "वयनी, ह्याच्या हातच्या भाकरी खाऊन बगा, मंग कळल कोन काय करतंय!" हसू आलं मला. हसता हसता खाली वलं झालं. फोन ठिवला.

१९ मार्च, मंगळवार

आज लई वंगाळ झालं आन चांगलं बी.

मोरीचा जार चार दिस अडकलेला. वास सुटला. सोसायटीचे सेक्रेटरी सर्जेराव जनावराची हजेरी घेतेत, त्यांनी जनावराच्या डॉक्टरला आनलं. डॉक्टरनं खांद्यापतोर पिलास्टिकचा हातमोजा घातला आन मोरीच्या आत हात घातला. भवताली पंधरा-वीस बाप्ये उभे, इड्या वडीत. डॉक्टर मोठ्यानं म्हनला, "पिशवीत घाण साचलीय. चार दिवस काय करत होता? वास आला तेव्हाच सांगायचं ना! जनावर मेलं असतं."

कुनाला लाज न्हाई. समदे बगायले, पिशवी पिशवी म्हनायले. सर्जेराव तर इचारायले, "डॉक्टरसाहेब, पुन्ना गाभन ऱ्हाईल ना?" मोरी बी उभी, मान खाली घालून ऊस खात. मला वाटलं मोरीचं बरं हाय.

डॉक्टर बादलीत हात धुवायला लागला, पानी मीच वतत व्हते. भिवराबाई संगं. माज्या तोंडातून निघालं, "डॉक्टर, गाईची पिशवी काढून टाकली आन तरी बी रगत येत ऱ्हायलं तर?"

डॉक्टर म्हनला, "गाईची पिशवी कोण काढतंय हो?" आन हसला. मंग माज्याकडं बगितलं. हसू गेलं त्याचं. आवाज येकदम बारीक केला. "ताई, ही गाय किती वर्षांची आहे?"

म्हनले, "पंचवीस."

त्यानं हात पुसले. वर बगितलंच न्हाई, माजी लाज राखली त्यानं. म्हनला, "या गाईला उद्याच्या उद्या अंबाजोगाईला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. बायांच्या डॉक्टरकडं. पिशवी काढल्यावर रक्त येणं चांगलं नसतं. थांबायचं नाही."

तो गेल्यावर भिवराबाईनं माजा दंड धरला. "पंचवीस वर्साची गाय व्हय ग? आन मला म्हनती उगंच!" मी रडले. तिनं मला रडू दिलं, मंग म्हनली, "किती दीस?"

"पाच तारखेपासून. पन पांढरं पानी तर आधीपासूनच जायलंय."

"मुडदा बशिवला त्या मुकादमीनीचा," म्हनली. आन मोरीला पेंडी टाकायला गेली.

२१ मार्च, गुरुवार

काल निघनार व्हते, न्हाई गेले. छबीला ताप आला. आज धुळवड, गाड्या न्हाईत. खरं सांगायचं तर मला तपासून घ्यायचंच न्हाई. बायांच्या डॉक्टरीनीनं हात घातला आन वास आला तर? आन तिनं इचारलं, रिपोर्ट कुठंय, तर?

२६ मार्च, मंगळवार

अंबाजोगाई. भिवराबाई ढकलतच घेऊन गेली. बायांच्या डॉक्टर मॅडम माज्याच वयाच्या आसतील. टेबलावर पाय वर करायला लावलं. मी पदर तोंडावर घेतला. मॅडम म्हनल्या, "पदर काढा, श्वास घ्या." मी म्हनले, "मॅडम, वास येतोय, माफ करा." त्या म्हनल्या, "माफी कसली मागता? त्यासाठीच मी बसलीय इथं."

आतनं बारीक तुकडा काढला. दुखलं. मंग इचारलं, "पिशवी काढली तेव्हा तपासायला पाठवली होती का?"

म्हनले, "व्हय."

"रिपोर्ट?"

"चांगला आलता. हरवला."

लिहून घेतलं त्यांनी. माजं खोटं सरकारी कागदावर गेलं.

३ एप्रिल, बुधवार

आज बोलावलं व्हतं. मॅडमनी खुर्ची जवळ वढली तवाच कळलं. कॅन्सर हाय. पिशवीच्या तोंडाचा. पिशवी काढली पन जिथून कापलं तिथं थोडा ऱ्हायला, आता परत वाढायलाय. मॅडम म्हनल्या, बार्शीला जा, तिथं ह्याचंच मोठं हॉस्पिटल हाय, चिठ्ठी देते, रेशनकार्डावर फुकट व्हतं. म्हनल्या, "घाबरू नका. यातून बाया बऱ्या होतात. पण वेळ घालवू नका."

मला दुसरं कायच आठवंना, येकच. डॉक्टर म्हनलता, काय वंगाळ आसल तर तिथं कळल. तिथं मी नेलंच न्हाई. म्हंजी तवाच कळलं असतं. भादव्यात. आता चैत लागायलाय.

भिवराबाईनं यष्टीत इचारलं, काय म्हनली ग मॅडम. म्हनले, गाठ हाय, बार्शीला जायचंय. ती समजली. खिडकीला डोकं लावून बसली. मंग म्हनली, "माज्या म्हशी तुजी सासू बगल का?"

मालकाला फोन केला. समदं सांगितलं. मालक म्हनले, "मी येतो." मी म्हनले, "टोळी सोडून कसं येता, मुकादम सोडल का, आधी बार्शीचे डॉक्टर काय म्हनतेत ते तर बगू." तर रडायले. बाप्या मानसाला रडताना पयल्यांदा आयकलं.

दादाला सांगितलं, अंगात रगत कमी हाय, बार्शीला भरती व्हायचंय. खोटं न्हाई. रगत कमीच हाय.

६ एप्रिल, शनवार

पाडवा. सासूबाई छावनीत आल्या, मी बार्शीला गेल्यावर छबीला आन जनावराला बगायला. कानाला लागून म्हनल्या, "बाहेरचं तर काय नव्हतं ना ग?" म्हंजी भुताटकी का बाप्या, ते इचारलं न्हाई मी. दोन्ही न्हाई म्हनले. मंग त्यांनीच माजी येनी घातली. सा वर्सांत पयल्यांदा.

त्यांचा येकच ध्यास हाय. ग्रामपंचायतीनं आमच्या घराला संडास मंजूर केलाय. शुक्रवारी जेसीबी येनार. म्हनल्या, "तू येईस्तोर संडास झालेला आसल, तुला लांब जावं लागायचं न्हाई." मी इचारलं, खड्डा कुठं घ्यायलेत?

"न्हानीच्या मागं. दुसरी जागा हाय कुठं आपल्याला."

तवा वाटलं, बरंच हाय. जाईल समदं येकदाचं.

८ एप्रिल, सोमवार

बार्शी. लई मोठं हॉस्पिटल. दारात वाचमन. आमच्या म्होरं येक म्हातारा, धोतर, टोपी, खांद्याला भाकरीची पिशवी. वाचमन त्याला म्हनला, "बाबा, पिशवी बाहेर ठेवा."

म्हातारा म्हनला, "आरं भाकरी हायत लेकराच्या."

"डबा काढून घ्या. पिशवी आत न्यायची न्हाई. तिथं ठेवा, कोपऱ्यात."

कोपऱ्यात पिशव्याच पिशव्या. कापडी, खताच्या, नायलॉनच्या. वर पाटी: पिशव्या बाहेर ठेवाव्यात.

मी तिथंच उभी ऱ्हायले. भिवराबाई म्हनली, "चल की ग, काय बगती?" म्हाताऱ्याला कुठली आलीय पिशवी. त्या बीडच्या वाचमननं कापडी पिशवी ठिव म्हनलं व्हतं. बरनी काढून घ्यायची आन वर जायचं. येवढंच. येवढ्यासाठी मी सा महिने... भिवराबाईला वाटलं मला चक्कर आली. तिनं मला भिंतीला टेकवून बसवलं. मी त्या पिशव्यांच्या ढिगातच बसले.

दुपारी मोठ्या डॉक्टरीनबाई आल्या. पांढरे केस, बोलायला कडक. कागद बगून म्हनल्या, "पहिला रिपोर्ट चांगला होता असं लिहिलंय. हे पटत नाही मला. कुठल्या लॅबचा?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायले.

"सिंधूबाई, नीट ऐका. पहिल्या पिशवीत हा रोग किती खोल गेला होता, कडेपर्यंत होता का, हे कळलं तर मला ठरवता येईल, परत ऑपरेशन करायचं की नुसते किरणांचे शेक द्यायचे. नाहीतर मला अंदाजानं चालावं लागेल. तुमच्या बाबतीत मला अंदाज करायचा नाहीये. लहान मुलगी आहे ना तुम्हाला?"

मी सांगितलं. बरनी, लोनचं, वाचमन, शेवगा, समदं. मान खाली घालून सांगितलं. त्या आता वरडतेल म्हनून थांबले. त्या म्हनल्या, "झाकण लावलेलं होतं?"

"व्हय. घट."

"आतलं औषध ओतून दिलं नाही ना?"

"न्हाई."

"मग ती घेऊन या." येवढंच. मंग परत म्हनल्या, "अहो, त्या पाण्यात ते टिकतं. अजून तपासता येईल. फुटली नसेल तर. उकरा आणि आणा. बुधवारी तुम्हाला भूल देऊन आतून नीट बघते, तोवर बरणी निघाली पाहिजे."

आन मला जेसीबी आठवला.

९ एप्रिल, मंगळवार

सासूबाईला फोन केला. म्हनले, मामी, न्हानीमागं खड्डा नगा घिऊ. म्हनल्या, येडी झाली का, साहेब खूना करून गेले. कावून नगं? मला सांगता येईना. तिथं माजी पिशवी हाय म्हनले तर त्या गावाला सांगत सुटतेल, सूनंनं दारात करनी पुरली. फोन ठिवला.

मालक सांगलीला. ऱ्हायला दादा.

सकाळी लावला. त्यानं येका घंटीत उचलला. "बोल सिंधू." म्हनले, मोरीची कालवड कशी हाय ते सासूबाईला इचारशील का. म्हनला, इचारतो.

दुपारी लावला. "बोल." म्हनले, मोरी दूध किती देती. म्हनला, "आटलंय जरासं. आनखी काय?" म्हनले, काय न्हाई.

चार वाजता पुन्ना लावला. ह्या येळी तोच म्हनला, "सिंधू, तुला काय सांगायचं हाय का?"

"न्हाई. कालवडीचं नाव काय ठिवावं ते इचारायचं व्हतं."

मशिनीचा आवाज येत व्हता पाठीमागं. मंग म्हनला, "मी त्या दिशी मांजरसुंब्याला उतरायला नको व्हतं."

मला कळलं न्हाई तो असं कावून म्हनला. म्हनले, "तुजी डुटी व्हती की दादा."

म्हनला, "डुटी नव्हती."

डुटी नव्हती तर कावून उतरला आसल? कुनी मैतर भेटायचा आसल. मी म्हनले, आसू दे, आन कालवडीचंच बोलत बसले. त्याचा आवाज भरून आलता, सर्दी झाली आसल. संघात बर्फाचं काम.

भिवराबाईला बोलायला लावावं तर तिचा फोनवरचा आवाज तीन वार्डाला जातो. काल माज्या सासूबाईला इचारत व्हती, म्हशीला जुलाब थांबले का, तर पलीकडच्या खाटंवरच्या बाईनंच सांगितलं काय औशद द्यायचं. आन माज्या पिशवीचं असं वरडून झालं तर मी ह्या खाटंवर पुन्ना येनार न्हाई.

१० एप्रिल, बुधवार

सकाळी कायच खायला दिलं न्हाई. हिरवा गाऊन दिलाय, मागं उघडा. बांगड्या काढून भिवराबाईकडं दिल्या. आता नेतेल.

म्होरलं कुनासाठी लिहायले ते सांगते. ही डायरी मी भिवराबाईच्या हातात देनार हाय. तिला वाचता येत न्हाई. तिला येवढंच सांगितलंय, मला आत नेलं की ही सिस्टरला दे. सिस्टर तुमी आसाल, न्हाईतर दुसरं कुनी आसल. मागची पानं वाचली तरी वाचा आता. मला तोंडानं बोलता येत न्हाई, लिहिता येतंय.

माज्या भावाला फोन लावा. माजा फोन भिवराबाईच्या कमरंच्या पिशवीत हाय. त्यात "ज्ञानोबा दादा" नावानं नंबर हाय, वर निळा चौकोन हाय त्याच्यावर बोट ठिवलं की लागतो. तो उचलतो लगीच.

त्याला म्हना, सिंधू खोटं बोलली. बरनी बीडला दिलीच न्हाई. रिपोर्ट आलाच नव्हता. त्याला म्हना, आज गावाला जा. न्हानीच्या मागं शेवग्याच्या बुडाला, घराकडच्या अंगाला, हातभर खाली, लाल झाकन. शुक्रवारी जेसीबी येनार हाय, त्याच्या आत. कुदळ मारू नको म्हना, खुरप्यानं उकर, बरनी पिलास्टिकची हाय. झाकन उघडू नको. सासूबाईनं इचारलं तर काय सांगायचं ते त्याचं तो बगल. आन यष्टीतनं आनताना मांडीवर नगं वाटली तर पायापशी ठिव म्हना, मला काय वाटनार न्हाई. डॉक्टरीनबाईच्या हातात दे.

लाज वाटती म्हनून त्यानं नाय म्हनलं तर सांगा, छबी तीन वर्साची हाय.

आन सिस्टर, मी भुलीत हाय तवरच लावा. जागी झाले तर मी फोन हातात घीन आन पुन्ना गाईचंच बोलत बसन.